गट राखीव झाला. आता विधानसभेची तयारी करावी की थांबावे?

वाचकाचे पत्र

आदरणीय ताई, सप्रेम नमस्कार.

माझे वय ४२ आहे. माहेरी किंवा सासरी राजकारणात कुणीही नव्हते. गावचे सरपंचपद महिलेसाठी राखीव झाले, तेव्हा पदवीपर्यंत शिकलेली सून म्हणून गावाने माझे नाव पुढे केले. पाच वर्षे सरपंचपद सांभाळल्यावर २०१७ मध्ये पक्षाने जिल्हा परिषदेची उमेदवारी दिली आणि मी निवडून आले. दोन वर्षे जलव्यवस्थापन समितीवर होते. मार्च २०२२ मध्ये मुदत संपून प्रशासक आले, तरीही लोक कामे घेऊन माझ्याकडेच येत राहिले. त्यांत सर्वांत जास्त पाण्याची, कारण आमचा तालुका दर उन्हाळ्यात टँकरवर असतो.

नव्या सोडतीत माझा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, दुसऱ्या प्रवर्गासाठी राखीव झाला. पक्षाने आता महिला आघाडीचे जिल्हाध्यक्षपद देऊ केले आहे. कार्यकर्ते मात्र म्हणतात, २०२९ च्या विधानसभेच्या तयारीला लागा. यजमान पहिल्यापासून पाठीशी आहेत. पण फोन, कार्यकर्ते आणि पैसा तेच पाहतात, अधिकारीही त्यांच्याशीच बोलतात. मध्यंतरी समाजमाध्यमांवर माझ्याविषयी अत्यंत गलिच्छ मजकूर फिरला. मुलगी दहावीत आहे आणि सासूबाईंचे म्हणणे असे की, मान मिळाला तेवढा पुरे, आता घराकडे बघावे. घराण्याचा आधार नसलेल्या बाईला या क्षेत्रात पुढे खरोखर वाट आहे का? की एखादी संस्था काढून लोकांची सेवा करत राहावे?

— एक माजी जिल्हा परिषद सदस्या

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या विनंतीप्रमाणे नाव, गाव आणि पक्ष गाळून पत्र छापले आहे. निवडून आलेल्या महिलांच्या प्रशिक्षणाच्या निमित्ताने तुमच्यासारख्या अनेक जणींशी माझे बोलणे होत असते, आणि पहिली मुदत संपल्यावर दिसेनाशा झालेल्या कर्तबगार बायकांची संख्या पाहून मला दर वेळी वाईट वाटते. म्हणून माझे उत्तर आधीच सांगून टाकते. तुम्ही थांबू नये. मात्र २०२९ ची उमेदवारी हेच एकमेव उद्दिष्ट मानून पुढची वर्षे त्यामागे घालवू नयेत. जिल्ह्यातल्या पाण्याच्या प्रश्नावर बोलायचे तर तुम्हालाच विचारावे लागते, अशी स्थिती तुम्ही निर्माण करावी. उमेदवारी मागायची की नाही हा निर्णय त्या बळावर, २०२८ च्या सुमारास घ्यावा.

असे मी का म्हणते ते समजण्यासाठी आपल्या राज्यातले वास्तव आधी लक्षात घेतले पाहिजे. महाराष्ट्राने स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांना ३० टक्के आरक्षण १९९० मध्येच दिले, ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने ते देशभर एक तृतीयांश झाले आणि २०११ पासून आपल्याकडे ते ५० टक्के आहे. म्हणजे ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत निम्म्या जागांवर स्त्रिया बसतात. परंतु २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत २८८ जागांपैकी फक्त २१ जागांवर महिला निवडून आल्या, आणि राज्याला आजवर महिला मुख्यमंत्री मिळालेली नाही. खाली इतक्या हजारो जणी काम शिकून तयार होतात आणि वर त्यांतल्या मोजक्याच पोहोचतात, यामागे क्षमतेचा अभाव नाही. आरक्षित जागा सोडतीने फिरते; ती फिरली की पक्ष त्या जागेपुरता उमेदवार बदलतो आणि पाच वर्षांचा अनुभव घेतलेली स्त्री घरी परतते. तिच्या हाती पद असते तोवर तिची ओळख पदाने होते, आणि पदाव्यतिरिक्त दुसरी ओळख तयार करण्याची सवड तिला कुणी दिलेली नसते. तुमच्या बाबतीत नेमके हेच आत्ता घडते आहे, आणि ते वेळीच ओळखून तुम्ही पत्र लिहिलेत ही मला मोठी जमेची बाजू वाटते.

येथे एक कायदेशीर गोष्ट स्पष्ट करते, कारण ती अनुभवी सदस्यांनाही अनेकदा ठाऊक नसते. सर्वसाधारण जागा पुरुषांसाठी राखीव नसते. तुमचा गट गेला तरी जिल्ह्यातल्या दुसऱ्या सर्वसाधारण किंवा महिलांसाठी राखीव गटातून तुम्ही उमेदवारी मागू शकता, आणि पुरुष नेते गट बदलून लढतात तेव्हा त्यात कुणाला वावगे वाटत नाही. विधानसभेसाठी तर राज्यातल्या कोणत्याही मतदारसंघाच्या यादीत नाव आणि वयाची २५ वर्षे पूर्ण असणे पुरेसे आहे. ‘महिलेची जागा नाही, मग आता कशाला’ हे वाक्य तुम्हाला पक्षाच्या बैठकीत ऐकू येईल. तेव्हा ते तिथेच, शांतपणे, सर्वांसमक्ष खोडून काढा.

आता तुमच्या विषयाकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या साऱ्या प्रश्नांची उत्तरे तिथूनच मिळणार आहेत. मृणालताई गोरे यांचे उदाहरण तुम्हाला ठाऊक असेलच. गोरेगावच्या वस्त्यांतल्या पाण्याच्या प्रश्नापासून त्यांचे काम सुरू झाले आणि ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी त्यांना दिले. १९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेवर, १९७२ मध्ये विधानसभेवर आणि १९७७ मध्ये लोकसभेवर निवडून आल्या. या प्रवासात त्यांची पदे बदलली, सभागृहे बदलली, मधल्या आणीबाणीत तुरुंगवासही झाला. पण सामान्य बाईच्या रोजच्या अडचणीचा अभ्यास करून ती सभागृहात मांडणे हे काम एकच राहिले. १९७२ नंतरच्या महागाईविरोधी आंदोलनात त्या, अहिल्याताई रांगणेकर आणि इतर पक्षांतल्या स्त्रिया लाटणी घेऊन एकत्र रस्त्यावर उतरल्या. पुढे १९८५ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्यावर मृणालताईंनी गर्भलिंगनिदानाविरुद्ध अशासकीय विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्याचे विधेयक, मांडले. अशासकीय विधेयके सहसा संमत होत नाहीत, परंतु त्या विधेयकाने आणि बाहेर चाललेल्या स्त्री संघटनांच्या मोहिमेने विषय इतका पुढे नेला की १९८८ मध्ये महाराष्ट्राने अशा चाचण्यांवर निर्बंध घालणारा देशातला पहिला राज्य कायदा केला आणि १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. विरोधी बाकावर बसलेल्या एका आमदाराच्या हातूनही केवढे काम होऊ शकते, हे यातून दिसते.

दुसरी वाट प्रतिभाताई पाटील यांची. जळगावात वकिली करणाऱ्या प्रतिभाताई १९६२ मध्ये विशीतच आमदार झाल्या, पुढे एदलाबाद मतदारसंघातून १९८५ पर्यंत विधानसभेत राहिल्या, वेगवेगळी खाती त्यांनी सांभाळली आणि १९७९-८० या काळात विरोधी पक्षनेतेपदही सांभाळले. राज्यसभेचे उपसभापतीपद, लोकसभा, राजस्थानचे राज्यपालपद आणि २००७ मध्ये राष्ट्रपतिपद, हा सारा प्रवास पक्षसंघटनेत टिकून राहून, दीर्घकाळ एकाच मतदारसंघाची बांधणी करून झाला. आंदोलनातून घडलेले नेतृत्व आणि संघटनेतून घडलेले नेतृत्व यांपैकी एकच खरे असे मी मानत नाही. दोन्ही वाटांवर जे समान दिसते ते असे की, त्या स्त्रियांना सभागृहाचे नियम येत होते, कागद येत होता आणि त्यांचे मतदार त्यांना स्वतःला ओळखत होते.

तुम्ही टँकरच्या तालुक्यातल्या आहात. टँकर मंजूर करून घेणे तुम्हाला येते: ग्रामपंचायतीचा ठराव, गटविकास अधिकारी आणि तहसीलदारांची संयुक्त पाहणी, मग मंजुरी आणि फेऱ्यांची नोंद. हे लोकांच्या अत्यंत गरजेचे काम आहे आणि ते सोडू नका. पण दर एप्रिलमध्ये टँकर आणून देणारी ताई ही ओळख तुम्हाला तालुक्याबाहेर नेणार नाही. टंचाई आराखडा ऑक्टोबर ते डिसेंबर, जानेवारी ते मार्च आणि एप्रिल ते जून अशा तीन टप्प्यांत तयार होतो. त्यात गेल्या पाच-सहा वर्षांत तुमच्या तालुक्यातली कोणती गावे दर वर्षी येतात, त्यांपैकी किती गावांत योजना पूर्ण झाल्याची कागदोपत्री नोंद आहे, आणि तरीही तिथे टँकर का लागतो, हे तुम्ही स्वतः तपासा. जलजीवन मिशन ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झाले आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने मिळावे हे त्याचे प्रमाण आहे. कुठे विहिरीचा उद्भवच (पाण्याचा मूळ स्रोत) कमकुवत निघतो, कुठे वीजबिल थकल्याने पंप बंद पडतो, कुठे टाकी उभी राहते आणि वितरणाची नलिका अर्ध्यावर थांबते. प्रत्येक गावाचे कारण निराळे आहे आणि ते कारण शोधून, भूजल सर्वेक्षण विभागाचा अहवाल शेजारी ठेवून, ग्रामीण पाणीपुरवठ्याच्या कार्यकारी अभियंत्यासमोर बसणारी माणसे जिल्ह्यात फार थोडी असतात. माहिती अधिकाराचा अर्ज हाताशी आहेच, परंतु माजी सदस्या म्हणून अनेक कागद तुम्हाला साध्या पत्रानेही मिळतील. तालुक्याचे काम पूर्ण झाले की शेजारच्या तालुक्याचे घ्या. वर्षभरात तुमच्या हाती जे टिपण तयार होईल, ते आमदार, पत्रकार आणि खुद्द अधिकारी तुमच्याकडे मागायला येतील, असे मी अनुभवाने सांगते.

या अभ्यासाचा दुसरा उपयोग असा की, विधिमंडळात काय करता येते याचे भान तो देतो. तारांकित प्रश्न (ज्याला मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी), अर्धा तास चर्चा, कपात सूचना (खर्चाच्या मागणीत कपात सुचवणारी) ही साधने आमदाराच्या हातात असतात. मंत्र्याने सभागृहात दिलेले आश्वासन पाळले गेले की नाही हे पाहणारी आश्वासन समिती असते, आणि खर्चाचा हिशेब विचारणारी लोकलेखा समिती असते. अनेक आमदार, पुरुष असोत वा स्त्रिया, रस्ते आणि सभामंडप यांच्या निधीपलीकडे या साधनांकडे फारसे वळत नाहीत. तुमच्या तालुक्यातल्या योजनेवर एखादा तारांकित प्रश्न कसा असावा, हे आत्ताच लिहून पाहा आणि तुमच्या ओळखीच्या आमदारांना तो द्या. ते अधिवेशनात विचारतील तर उत्तम, न विचारतील तरी तुमचा सराव झाला. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात किंवा मुंबईत एकदा प्रेक्षक कक्षेत बसून संपूर्ण दिवसाचे कामकाज पाहा. दूरचित्रवाणीवर दिसतो तो गोंधळाचा भाग. उरलेल्या वेळात चालणारे बारकाईचे काम पाहिल्यावर, हे आपल्यालाही येईल, असा विश्वास वाटलेल्या स्त्रिया मी पाहिल्या आहेत.

आता महिला आघाडीचे पद. ते घ्यावे, पण मिळाले म्हणून आभार मानत घेऊ नये. बहुतेक पक्षांत महिला आघाडीकडून मेळाव्याची गर्दी, हळदीकुंकू, पाककला स्पर्धा आणि नेत्यांच्या स्वागताची अपेक्षा असते, आणि उमेदवारी ठरवणाऱ्या बैठकीला मात्र तिच्या अध्यक्षेला शेवटच्या अर्ध्या तासात बोलावले जाते किंवा बोलावलेच जात नाही. हीच गोष्ट जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याण समितीच्या बाबतीत होते. ती समिती महत्त्वाची आहे, कुपोषण आणि अंगणवाड्या हे गंभीर विषय आहेत, पण स्त्री सदस्याला तेवढेच शोभते अशा समजुतीने ती दिली जाते आणि अर्थ, बांधकाम या समित्या इतरांकडे जातात. तुम्ही जलव्यवस्थापन समितीवर काम केले आहे, म्हणजे तुम्ही ती चौकट एकदा ओलांडलेली आहे. पुन्हा तिच्यात परत जाऊ नका. जिल्हाध्यक्षांना सांगा की आघाडीची जबाबदारी तुम्हाला मान्य आहे, परंतु जिल्ह्याच्या मुख्य कार्यकारिणीत आणि उमेदवारी ठरवणाऱ्या समितीत स्थान हवे. आघाडीच्या तालुका अध्यक्षा तुम्ही निवडाल हेही आधीच मान्य करून घ्या, कारण त्या नेमणुका दुसऱ्याने केल्या तर पुढे संघटना तुमची राहणार नाही.

यजमानांविषयी तुम्ही फार संयमाने लिहिले आहे. त्यांचा पाठिंबा खरा आहे आणि त्याची किंमत मी कमी लेखत नाही. घराचा विरोध पत्करून काम करणाऱ्या बायकांचे हाल मी जवळून पाहिले आहेत. परंतु अधिकारी त्यांच्याशी बोलतात, याचा अर्थ पाच वर्षांत जिल्हा परिषदेत जी ओळख तयार झाली तिच्यातली निम्मी त्यांच्या नावावर जमा आहे. कार्यकर्ते त्यांचे, फोनवरचे क्रमांक त्यांचे, देणीघेणी त्यांना ठाऊक. मग उद्या उमेदवारीच्या मुलाखतीत कुणी विचारले की तुमच्याबरोबर किती माणसे आहेत, तर तुमच्याकडे उत्तर काय असेल? यजमानांशी हे मोकळेपणाने बोला. त्यांना दूर करा असे मी म्हणत नाही, कामाची वाटणी बदला असे म्हणते. लोकांसाठीचा फोन तुमच्याकडे राहील आणि तो तुम्हीच उचलाल. अधिकाऱ्यांच्या दालनात तुम्ही जाल, ते बरोबर आले तरी बोलणे तुमचे असेल. गावोगावच्या माणसांची यादी, कुणाचे कोणते काम होते आणि ते कुठवर आले यासह, तुमच्या हस्ताक्षरात किंवा तुमच्या संगणकावर असेल. वाहने, सभांची व्यवस्था, मतदानकेंद्रांची बांधणी यांत त्यांचा अनुभव तुमच्यापेक्षा जास्त असेल तर ते काम त्यांनी जरूर करावे. सुरुवातीचे काही महिने अवघड जातील, लोक सवयीने त्यांनाच फोन करतील. त्यांनी प्रत्येक वेळी ‘त्यांच्याशीच बोला’ एवढे म्हटले तरी फरक पडेल.

बदनामीच्या मजकुराबद्दल वाचताना मला संताप आला. हे शस्त्र पुरुष उमेदवारांवर इतक्या सहजपणे चालवले जात नाही, आणि ते चालवणाऱ्यांना पक्के ठाऊक असते की बाईपेक्षा तिचे घर आधी हादरते. असा मजकूर दिसला की तो पुसला जाण्याआधी त्याची छायाप्रत, दुवा, दिनांक आणि वेळ जपून ठेवा, पोलीस ठाण्यात किंवा सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार द्या आणि तक्रारीची पोच घ्या. भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ स्त्रीच्या शीलाचा अपमान करणाऱ्या शब्दांना आणि कृतींना लागू होते, तर बदनामीसाठी कलम ३५६ आहे. जाहीर खुलासे करत बसू नका. मजकूर कुणी पसरवला हे तुम्हाला ठाऊक असले तरी त्याच पातळीवर उत्तर देऊ नका. मुलगी मोठी आहे, तिला हा प्रकार बाहेरून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळू द्या. आणि घरात जे कुणी म्हणेल की हे असेच होणार होते, त्यांना विचारा की गुन्हा करणाऱ्याने घरी बसावे की जिच्याविरुद्ध गुन्हा झाला तिने.

सासूबाईंच्या म्हणण्यातला दहावीचा मुद्दा मात्र मला रास्त वाटतो. या वर्षी संध्याकाळच्या सभा आणि बाहेरगावचे मुक्काम कमी करा. मी वर सुचवलेला कागदांचा अभ्यास घरी बसून होणारा आहे. मुलीच्या अभ्यासाच्या वेळी त्याच खोलीत तुमचाही होईल. राजकारणात एक वर्ष व्यासपीठावर न दिसल्याने माणूस विसरला जातो, ही भीती कार्यकर्ते दाखवतात, पण ज्याचे काम अडलेले आहे तो दार शोधत येतोच, हे प्रशासकांच्या काळात तुम्हीच अनुभवले आहे.

संस्था काढण्याचा विचार मला तितकासा पटत नाही. संस्थेचे काम मोलाचे आहे आणि महाराष्ट्रात त्याची मोठी परंपरा आहे. परंतु संस्था एका गावाचा बंधारा दुरुस्त करू शकते. जिल्हा नियोजन समितीने पाण्यासाठी किती निधी ठेवावा, किंवा पूर्ण न झालेल्या योजनेचे देयक का दिले गेले, याचा जाब विचारण्याचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधीकडेच असतो. शिवाय निवडणूक लढवणाऱ्या व्यक्तीच्या संस्थेकडे देणगीदार आणि गावकरी दोघेही संशयाने पाहतात. बचतगटांच्या बाबतीतही एक सावधगिरी सांगते: त्या गटांत सर्व पक्षांच्या घरांतल्या बाया असतात, त्यांना प्रचारासाठी वापरू नका. महिला ग्रामसभा मात्र तुमची हक्काची जागा आहे. नियमित ग्रामसभेआधी ती घ्यावी असा नियम आहे आणि बहुतेक गावांत ती केवळ सह्यांपुरती होते. ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणासाठी ठेवायचे असतात, हेही तिथे फारसे कुणी विचारत नाही. तुम्ही माजी सरपंच म्हणून गावोगावच्या सदस्यांना एवढे विचारायला शिकवले तरी तुमच्याभोवती जाणत्या स्त्रियांची फळी उभी राहील.

पैशांविषयी तुम्ही थेट विचारले नाही, पण तो विषय टाळून चालणार नाही. विधानसभेच्या उमेदवारासाठी महाराष्ट्रात खर्चाची मर्यादा २०२२ पासून ४० लाख रुपये आहे. त्यासाठी स्वतंत्र बँक खाते उघडावे लागते आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करावा लागतो. तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. प्रत्यक्षात किती खर्च होतो हे तुम्ही जिल्ह्यात डोळ्यांनी पाहिले आहे आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. शेतजमीन गहाण ठेवून किंवा ठेकेदाराचे पैसे घेऊन निवडणूक लढवू नका. ठेकेदाराने खर्च केला तर अपूर्ण योजनेबद्दल त्याला प्रश्न विचारण्याचा तुमचा अधिकार त्याच दिवशी संपतो, आणि पाण्याच्या विषयावर उभे राहणाऱ्या बाईला ते मुळीच परवडणार नाही. पक्षाने खर्चाचा वाटा उचलावा, लहान देणग्या पावतीने याव्यात, आणि तेवढ्यात भागत नसेल तर त्या वेळी लढू नये. अपक्ष लढण्याचा मोह कार्यकर्ते दाखवतील. पण सुरुवातीलाच त्या वाटेला जाऊ नये असे मला वाटते, कारण चिन्ह मतदारांपर्यंत पोहोचवण्यातच सारी शक्ती जाते, आणि अपक्ष म्हणून निवडून आल्यावर एखाद्या पक्षात प्रवेश केला तर पक्षांतरबंदीच्या तरतुदीखाली सदस्यत्व जाते.

२०२३ मध्ये संमत झालेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीने लोकसभा आणि विधानसभांत एक तृतीयांश जागा महिलांसाठी राखीव ठेवण्याची तरतूद केली आणि तिची अंमलबजावणी जनगणना व त्यानंतरच्या मतदारसंघ पुनर्रचनेशी जोडली. तुमच्यासाठी तिचे महत्त्व मोठे आहे. ती लागू होईल तेव्हा अनेक विद्यमान आमदारांचे मतदारसंघ राखीव होतील, आणि पंचायतींत जे झाले तेच तिथे करण्याचा प्रयत्न होईल: पत्नी, सून, मुलगी यांची नावे पुढे येतील. त्यांच्यातल्याही काही जणी पुढे स्वतःच्या बळावर उभ्या राहतील, हे मला मान्य आहे. नात्यातून आलेली प्रत्येक स्त्री बाहुली असते असे म्हणणे अन्यायाचे आहे. पण त्या वेळी जिल्ह्यात स्वतःच्या कामाने ओळखली जाणारी दुसरी स्त्री तयार नसेल, तर पक्षाकडे ‘सक्षम महिला मिळतच नाही’ हे आयते कारण असेल. तुमच्या जिल्ह्यात ते कारण शिल्लक राहू नये, यासाठी तुम्ही आत्ता टिकून राहणे आवश्यक आहे.

घराण्याचा आधार नसलेल्या बाईला वाट आहे का, असे तुम्ही विचारले होते. वाट आहे, ती लांबची आहे, आणि एखादी उमेदवारी नाकारली जाईल, एखादा पराभव होईल, असे गृहीत धरूनच चालावे लागते. नेतेपुत्राला किंवा नेत्याच्या सुनेला पहिल्या पराभवानंतरही दुसरी संधी मिळते. तुम्हाला ती मिळावी म्हणून पराभवानंतरही लोक तुमच्याकडे कामे घेऊन येत राहतील इतके काम हाती असले पाहिजे. हा अन्याय आहे. तो मान्य करून बसावे असे मी म्हणत नाही, त्याविरुद्ध पक्षात बोलत राहा. फक्त तो दूर होण्याची वाट पाहत तुमची वर्षे वाया घालवू नका.

या महिन्यात करायच्या कामांपैकी पहिले म्हणजे जिल्हा परिषदेतल्या तुमच्या पाच वर्षांची नोंद एकत्र करणे: सर्वसाधारण सभेत आणि समितीत विचारलेले प्रश्न, इतिवृत्तांतल्या नोंदी, मंजूर करून घेतलेली कामे, आणि नामंजूर झालेलीही. इतिवृत्तांच्या प्रती मिळवायला वेळ लागतो, म्हणून अर्ज आताच करा. मग जिल्हाध्यक्षांची भेट मागा, आणि महिला आघाडीच्या पदाविषयीच्या तुमच्या अटी तोंडी न सांगता पत्राने द्या. त्या पत्रावर सही फक्त तुमची असू द्या आणि भेटीला एकट्या जा. त्यांचे उत्तर काय येते ते मला जरूर कळवा. अटी नाकारल्या गेल्या तर पद स्वीकारावे की नाही याचा विचार आपण पुन्हा करू. पाण्याचे टिपण मात्र त्या उत्तरासाठी थांबवू नका.